एकही नाही, तरी रांगेत उभे

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत रायगडात तिसऱ्या क्रमांकाची मतं ज्याला पडली, त्याने एकही सभा घेतली नव्हती. वाढदिवसाचा बॅनर नाही, टेनिस बॉल क्रिकेटच्या सामन्यांना चषक नाही, गोविंदा पथकाला टी-शर्ट नाहीत. कुणाच्या मयताला तो आला नाही, की कुणाच्या लग्नात नवरानवरीच्या मध्ये घुसून त्याने फोटो काढून घेतला नाही. तरीही २७ हजारांवर माणसांनी त्याला मत दिलं. महाराष्ट्रातल्या ४८ मतदारसंघांत एवढा मान त्याला दुसरीकडे कुठेच मिळाला नाही. यंत्रावर त्याचं नाव ‘वरीलपैकी एकही नाही’ असं छापलेलं असतं. घरगुती नाव नोटा.

निकालानंतर शहाण्या माणसांनी याला मतदारांचा रोष म्हटलं. मला तसं वाटत नाही. आमच्या किनाऱ्यावर रोष आला की माणूस मोठ्याने बोलतो, आणि बोलून झालं की पान लावतो. तो बटणापर्यंत टिकत नाही. हा चोखंदळपणा आहे, आणि तो मुरलेला आहे. अलिबागच्या मासळी बाजारात एखाद्या गिऱ्हाइकाला सुरमई घेताना बघा. आधी तो नुसता उभा राहतो, जणू सहज आलाय. मग वाकून बोटाने कल्ला उचलतो आणि आतला लाल रंग किती उतरलाय ते बघतो. डोळ्यात डोळा घालतो. पोटावर अंगठा दाबतो आणि खळगा भरून येतो का याची वाट बघतो. एवढं झाल्यावर ‘बर्फातली दिसते’ म्हणून पुढच्या पाटीकडे सरकतो. मावशी मागून काय म्हणते ते छापता येणार नाही. या माणसाला आपण मे महिन्याच्या उन्हात उभा करतो आणि सांगतो, पाट्या दोनच आहेत. त्याही १० वर्षं त्याच. घे.

पाट्या त्याच होत्या, ही अतिशयोक्ती नव्हे. २०१४ साली रायगडात अनंत गीते विरुद्ध सुनील तटकरे. २०१९ साली सुनील तटकरे विरुद्ध अनंत गीते. २०२४ साली पुन्हा तेच दोघे. पहिल्यांदा गीते आले, नंतर दोन्ही वेळा तटकरे. उमेदवाराची माहिती नाही म्हणून मत ठरत नाही, अशी तक्रार शहरातला माणूस करू शकतो. आमच्याकडे अडचण उलटी. कोण कुणाच्या लग्नाला किती वाजता आला, किती वेळ बसला, श्रीखंड खाल्लं की नुसतं चाखलं, सगळं तोंडपाठ. एका मावशीने मला बंदरावर सांगितलं, “दोगं पन वलकीचे. त्याचाच तर घोल हाय!”

त्यात २०१४ साली ओळखीचाही पुरवठा वाढला होता. सुनील तटकरे या नावाचे आणखी एक गृहस्थ अपक्ष म्हणून उभे होते. निकाल लागला तेव्हा गीते २,११० मतांनी जिंकले होते आणि या दुसऱ्या तटकऱ्यांना पडली होती ९,८४९. म्हणजे विजयाच्या फरकाच्या साडेचार पटींहून जास्त. त्याच वर्षी लोकसभेला पहिल्यांदाच आलेल्या नोटाला २० हजारांवर मतं होती, फरकाच्या नऊ पटींहून जास्त. राजकारणाचे अभ्यासक म्हणाले, लोक नावाला फसले. फसले असतील. पण आमच्या आळीत एक वेगळं मत आहे आणि ते मला जास्त पटतं. त्यातल्या काहींना म्हणे नाव पसंत होतं, माणूस बदलून हवा होता. त्यांनी मिळेल ती सोय करून घेतली. पुढे २०१५पासून निवडणूक आयोगाने यंत्रावर उमेदवारांचे फोटो लावायला सुरुवात केली. नावातला गोंधळ मिटावा म्हणून. गोंधळ मिटला, सोयही गेली.

आता ज्यांना पक्षच ठरवून देतो त्यांचं बरं, असं वाटेल. नानांना विचारा. नाना म्हणजे आमच्या शेजारचे, जन्मापासून शेतकरी कामगार पक्षाचे, म्हणजे शेकापचे. लाल बावटा त्यांच्या घरी देवघराच्या भिंतीलाच टेकवलेला असतो, आणि उदबत्ती कुणाला ओवाळतात हे काकूंनाही नक्की सांगता येत नाही. २०१४ साली शेकापचे रमेश कदम उभे होते. नानांनी गीते आणि तटकरे या दोघांनाही पाडायचं ठरवून दोन महिने घसा फोडला. सव्वा लाखावर मतं पडली, जागा गेली. २०१९ साली पक्षाचा निरोप आला, घड्याळ, म्हणजे तटकरे. नानांनी घड्याळाचा प्रचार केला. २०२४ साली निरोप आला, मशाल, म्हणजे गीते. नानांनी मशालीचा प्रचार केला. १० वर्षांत नाना एकदा दोघांना पाडायला निघाले, एकदा पहिल्याला निवडून आणायला आणि एकदा दुसऱ्याला. आणि रस्त्यापलीकडे राहतात ते भाजपवाले भाऊ. ते २०१४ला आणि २०१९ला युती म्हणून गीत्यांसाठी राबले, २०२४ला महायुती म्हणून तटकऱ्यांसाठी. दोघांची भेट होते ती रस्ता ओलांडताना. एकमेकांची जुनी भाषणं दोघांनाही पाठ असल्यामुळे सध्या त्यांच्यात फक्त पावसापाण्याच्या गप्पा होतात.

मतदारसंघाचीही एक गंमत आहे. नाव रायगड, पण उरण, पनवेल आणि कर्जत मावळात मोजले जातात, आणि दापोली नि गुहागर रत्नागिरी जिल्ह्यातून इकडे येतात. गुहागरच्या माणसाला अलिबागचा प्रश्न काय ठाऊक आणि अलिबागच्या माणसाला गुहागरचा काय? पण दोघांना जोडणारं एक आहे, तो मुंबई-गोवा महामार्ग. पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं. त्या जूनमध्ये पहिलीत बसलेला मुलगा २०२४ साली बोटाला शाई लावून घ्यायला आला. येताना त्याने वडखळपुढचे खड्डे चुकवले आणि कुणाला मत द्यावं याचा विचार केला. महामार्गाचं आश्वासन त्याने सगळ्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. एकाने दिलं असतं आणि दुसऱ्याने दिलं नसतं, तर निवड सोपी झाली असती.

रेवस-करंजा पुलाचं तसंच. त्याची चर्चा बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासूनची. अंतुल्यांनी १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचं नाव बदलून रायगड केलं, ते काम फटक्यात झालं. नाव बदलायला खांब पाण्यात उतरवावे लागत नाहीत.

मग माणसं ठरवतात कशी? मी किनाऱ्यावर बरेच प्रकार पाहिले आहेत. आमची आत्या मयतावरून ठरवते. काका गेले तेव्हा ज्याचा माणूस खांद्याला आला, मत त्याला. दोघांचेही आले असतील तर दहाव्याला कोण आलं ते बघायचं. तेही जुळलं तर बाराव्याला. कुणी याला हसू नये. जाहीरनाम्यापेक्षा ही कसोटी जास्त कडक आहे, कारण मयताला माणूस आल्याची खोटी जाहिरात करता येत नाही.

दुसरा प्रकार भावकीचा. सुपारीच्या वाडीच्या कुंपणावरून चुलत्याशी ३० वर्षं बोलणं बंद. चुलता मशाल, म्हणून हे घड्याळ. चुलत्याने उद्या घड्याळ धरलं तर हे त्याच रात्री मशाल पेटवणार. अशा माणसाला उमेदवार आवडला की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही. त्याला फक्त चुलता काय करतोय याची खात्रीशीर बातमी हवी असते, आणि गावात ती मिळते. तिसरा प्रकार चाकरमान्यांचा. हे मुंबईला राहतात, मतदार यादीत इकडे असतात. मतदान मे महिन्यात आलं की आंब्यासाठी यायचंच असतं, त्यात मतही उरकतं. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने गाडीसकट मांडव्याला उतरतात, आणि इथल्या माणसाला इथले प्रश्न समजावून सांगतात. त्यांना इथला कुठलाच उमेदवार कधी आवडत नाही. रस्त्यावर ज्यांना महिन्याभरात एकदाच आदळायचंय, त्यांना मतं जास्त असतात.

आणि यातलं काहीच लागू पडत नाही अशी २७ हजार माणसं.

या माणसांसाठी पूर्वी नियम होता, पण तो असा होता की त्यापेक्षा उपास बरा. १९६१च्या निवडणूक नियमांतला ४९-ओ. मत द्यायचं नसेल तर केंद्राध्यक्षाला तसं सांगायचं, तो १७-अ नमुन्यातल्या नोंदवहीत आपल्या नावापुढे शेरा मारणार आणि आपण खाली सही करायची. दिल्लीत बसून लिहिताना हा नियम ठीक वाटला असेल. आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या खोलीत तो कसा चालायचा ते डोळ्यांसमोर आणा. चौथीच्या वर्गातली बाकं. एका बाकावर एका पक्षाचा एजंट, तो आपला मेव्हणा. दुसऱ्या बाकावर दुसऱ्या पक्षाचा, त्याच्याकडून आपण मागच्या वर्षी भाताचं बी उसनं आणलंय. शाई लावणारा पलीकडच्या गावचा मास्तर, त्याने आपल्याला सातवीत उठाबशा काढायला लावल्यात. या सगळ्यांच्या देखत आपण म्हणायचं, “मला ह्यातला कुणीच नको.” सही सुकायच्या आत ही बातमी खाडीपलीकडे पोचणार, आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही पक्ष आपल्याला दुसऱ्याचा माणूस समजणार.

ही गुप्तता गेल्याचीच गोष्ट पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजने सर्वोच्च न्यायालयात नेली आणि २७ सप्टेंबर २०१३ला निकाल आला की यंत्रावर तसं बटण हवं. २०१५ साली त्याला चिन्हही मिळालं, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने काढलेलं. मतपत्रिका आणि तिच्यावर काळी फुली. ज्याला कुणीच नको त्याला निदान शिक्का तरी मिळाला.

७ मे २०२४ला आमच्याकडे मतदान होतं. सकाळी ९ वाजता शाळेच्या पत्र्याखाली रांगेत उभं राहिलं की माणसाला लोकशाही अंगावर येते, घामासकट. बाहेर लांबवर दोन्ही पक्षांची टेबलं. दोन्हीकडे पन्हं, आणि कुणाचं प्यावं हा वेगळाच पेच, कारण बघणारे बघत असतात. अनुभवी माणूस दोन्हीकडचं पितो. आत गेलं की पुठ्ठ्याच्या आडोशामागे यंत्र. सगळ्या फोटोंवरून नजर खाली खाली जाते आणि सगळ्यांच्या तळाला ती फुली. बटण दाबलं की शेजारच्या यंत्राच्या काचेमागे चिठ्ठी दिसते, सात सेकंद. उमेदवाराला मत देणारा त्यात आपल्या माणसाचं चिन्ह आहे का हे बघतो आणि सुटतो. नोटावाल्याला सात सेकंद आपलं उत्तर वाचावं लागतं. ‘वरीलपैकी एकही नाही.’ मग चिठ्ठी तुटून डब्यात पडते. एवढ्यासाठी माणूस घर सोडून, घामेघूम होऊन, मेव्हण्याच्या नजरेसमोरून आला. घरी पंख्याखाली पडून राहणं त्याला सहज जमलं असतं, मतदारसंघात साधारण चाळीस टक्क्यांनी तेच केलं. म्हणून मला नोटावाला हा मतदारांतला सगळ्यात आशावादी माणूस वाटतो. नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार निवडून येतो, हे त्याला पक्कं माहीत असतं. तरी येतो.

राज्य निवडणूक आयोगाने २०१८ साली ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या निवडणुकांत नोटाला दात दिले. तिथे नोटा पहिला आला तर ती निवडणूक पुन्हा घ्यायची. म्हणजे दिल्लीला पाठवायच्या माणसासाठी नोटा बिनदाताचा आणि गावच्या पंचासाठी दात असलेला. पण गावात ते दात कोण वापरणार? तिथे उभा असतो तो चुलता. नोटा कुणी दाबला हे यंत्र सांगत नसलं तरी ८० मतांच्या वॉर्डात हिशेब जेवायच्या आधी लागतो.

सरळ मताला पर्याय नाही असं मात्र नाही. आपल्याच देशात एक निवडणूक अशी आहे जिथे पहिली पसंती, दुसरी पसंती असं लिहिता येतं. ती राष्ट्रपतिपदाची. तिथे नोटा नाही आणि आपण मतदारही नाही. खासदार आणि आमदार मत देतात. महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५, तेही १९७१च्या लोकसंख्येवर काढलेलं. अर्धशतकापूर्वी जेवढी तोंडं मोजली तेवढ्यांच्याच वतीने तो अजून मत देतो. नंतर जन्मलेल्यांनी हे मनाला लावून घेऊ नये.

आणि या निवडणुकीत दोघांपैकी कुणीच मनात न भरण्याची सोय एकदा आमच्या जिल्ह्याने पुरवली होती. १९६९ साली व्ही. व्ही. गिरी की नीलम संजीव रेड्डी, असा सामना होता. इंदिरा गांधींनी अंतरात्म्याच्या आवाजाप्रमाणे मत द्यायला सांगितलं, त्यामुळे कित्येक खासदारांना आपल्याला अंतरात्मा असल्याचं अचानक कळलं. तिसरे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. जन्म महाडजवळच्या नाते गावचा. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग अर्थमंत्री. १९५२च्या निवडणुकीत कुलाब्याचे खासदार झाले, आणि मुंबई महाराष्ट्रापासून तोडायची भाषा सुरू झाली तेव्हा १९५६ साली मंत्रिपदाचा राजीनामा देऊन मोकळे झाले. असा माणूस आज रायगडात उभा राहिला तर नोटाचं काय होईल, हा विचार मी रांगेत बराच वेळ केला.

चिंतामणरावांना पहिल्या पसंतीची १,१२,७६९ मतं पडली. पण गिरींनाही पहिल्या फेरीत पुरेशी पडली नव्हती, म्हणून मग दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली. चिंतामणराव बाद झाले आणि त्यांच्या पत्रिकांवरच्या दुसऱ्या पसंतीने रेड्डींना खूप वर नेलं, तरी गिरी निसटते जिंकले. मला यातला ‘दुसरी पसंती’ हा भाग फार भावतो. मनातल्याला १ लिहायचा, आणि तो येणार नाही हे ठाऊक असल्यामुळे नाक मुरडत २ लिहायचा. नानांना मी ही पद्धत समजावून सांगितली. ते म्हणाले, “म्हंजे लाल बावट्याला एक लिहून पक्षाचा निरोप दोनात घालायचा. हे मला ७०च्या आधी का नाही सांगितलंस?” नानांचं वय सध्या ७८ आहे.

२०२४च्याच नोव्हेंबरात, म्हणजे अमेरिकेतही अध्यक्ष निवडायचा होता तेव्हा, आत्याच्या नातवाचा न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉल आला. तो तिकडचा नागरिक. ट्रम्प नको, कमला हॅरिसबद्दल उत्साह नाही, काय करू कळत नाही, असं तो मला सांगत होता. आत्या भेंडी चिरत ऐकत होती. मी त्याला म्हटलं, तुमच्याकडे नोटा नाही का? तो म्हणाला, नेवाडा राज्यात आहे, १९७० च्या दशकापासून. त्याच वर्षी फेब्रुवारीत तिथे रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत ट्रम्पचं नाव नव्हतं, निकी हेली उभ्या होत्या, आणि ‘यांपैकी कुणीही नाही’ने त्यांना ६३ विरुद्ध ३० टक्क्यांनी हरवलं. मला एकदम माहेरची बातमी ऐकल्यासारखं झालं. पण न्यू जर्सीत ते बटण नाही. तिथे कोऱ्या जागी हवं ते नाव लिहिता येतं.

“मग माझं लिही,” आत्या म्हणाली.

“तुझा जन्म इकडचा नाही ना, आजी.”

“अध्यक्ष व्हायला जन्म तिथलाच लागतो?” तिने भेंडीचं देठ उडवलं. “आणि तिथे कोण येतं निवडून? तुझ्या राज्यात.”

“१९९२पासून अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटच. माझ्या मताने काही फरक नाही पडणार.”

“म्हणजे तुझं मत आमच्या नोटासारखंच,” आत्या म्हणाली. “मग सकाळीच जाऊन ये. ऊन व्हायच्या आत.”

“इकडे थंडी आहे, आजी.”

“मग स्वेटर घाल. आणि दोघांपैकी मयताला कोण येतं ते विचारून ठेव.”